मास्तरांचा गंजीफ्रॉक

स्वेटर पाण्यात गेला तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मोरीतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ साबणपावडरीचा डबा उघडल्याचा, आणि मग बाबांचं ते नेहमीचं गुणगुणणं, ज्याला चालही नव्हती आणि शब्दही नव्हते. मी काही लक्ष दिलं नाही. आमच्या घरात बाहेरून काहीही आलं की ते आधी पाण्यात जायचं आणि मगच त्याला घरात जागा मिळायची. पाहुण्यांना तेवढी सूट होती.

"सकाळी सकाळी काय धुताय?" मी विचारलं.

"मास्तरांचा स्वेटर. काल मांजराबरोबर आलाय ना तो. काय अवस्था करून ठेवलीय, नुसते केस! ये, पाणी बघ कसलं निघालंय."

घाण पाणी दुसऱ्याला दाखवण्यात बाबांना कसला आनंद व्हायचा देव जाणे. मी गेले, पाहिलं, "हो, बरंच निघालंय" म्हटलं. त्याशिवाय सुटका नसायची. बाबांनी ओले हात कोपरांपर्यंत वर धरले आणि हनुवटीनं सदऱ्याच्या खिशाकडे खूण केली.

"खिशात मास्तरांची चिठ्ठी आहे. जरा वाच. माझा चष्मा कुठे पडलाय कुणास ठाऊक."

मी तेव्हा चष्म्यांच्या दुकानात कामाला होते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं बदलून "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारायचे, आणि घरी वडील चष्मा हरवून बसलेले. चिठ्ठी रेघांच्या कागदावर होती. वर मधोमध 'मॉनिटर' लिहून अधोरेखित केलेलं आणि खाली अकरा सूचना, फळ्यावर असतात तशा सरळ अक्षरात. मॉनिटर म्हणजे तो बोका. नऊ वर्षांचा, राखाडी, एका कानाला खाच पडलेला. दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवतो म्हणून मास्तरांनी त्याला ते नाव दिलं होतं. मी वाचायला लागले. पाणी बशीत नव्हे, वाडग्यात द्यावं. पोटाला हात लावू नये. सकाळी मुख्य बातम्या मोठ्यानं वाचाव्यात, अग्रलेख वाचू नये, त्याला आवडत नाही. आणि सातवी सूचना वाचता वाचता मी थांबले.

"पुढे?" बाबा म्हणाले.

"स्वेटर धुवू नये. कोणत्याही कारणास्तव धुवू नये."

त्याखाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा होत्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे.

"धुवू नये म्हणजे?"

"म्हणजे धुवू नये, बाबा."

"अगं, पण मळला होता," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.

त्यांचीही चूक म्हणवत नाही. बाबा एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चौतीस वर्षं होते, शेवटची अकरा वर्षं मुकादम म्हणून. तळघरात तो धुलाईखाना होता. माणूस उभा मावेल एवढी यंत्रं, डोक्यावरून गेलेल्या वाफेच्या नळ्या, चादरी दाबायचा लांबलचक रोलर. वरच्या मजल्यांवर माणसं जन्मायची, बरी व्हायची, मरायची, आणि त्या सगळ्यांच्या चादरी खाली बाबांकडे यायच्या. बाबांच्या हाताखालून गेलेली चादर काल कुणाच्या अंगाखाली होती हे कुणालाही सांगता येत नसे, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. पावडरींनी त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. निवृत्तीच्या वेळी कागदावर अंगठा उमटेना म्हणून कारकुनानं तीनदा शाई लावली, शेवटी वैतागून "तुमची सहीच पुरे" म्हणाला.

आईची नि त्यांची ओळखही तिथलीच. आई कपड्यांच्या कोठारात कारकून होती. मोठी चादर घडी करायला दोन माणसं लागतात. दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायची, आणि चालत एकमेकांकडे यायचं. आई म्हणायची, "तुझे बाबा दिवसातून चाळीस वेळा माझ्याकडे चालत यायचे. मी तरी काय करणार?"

मास्तर भेटले ते खूप नंतर, आई गेल्यावर. भूगोलाचे मास्तर, तेही निवृत्त, तेही एकटे. मुलगी लग्न होऊन दूरच्या देशात. वाचनालयात सकाळी आठ वाजता वर्तमानपत्राची एकच प्रत यायची आणि तिच्यावर या दोघांचा डोळा असायचा. पहिला आठवडा धुसफूस झाली. मग तह झाला. मास्तरांनी पहिल्या पानापासून वाचायचं, बाबांनी शेवटच्या, आणि मधल्या पानावर गाठ पडली की समोरच्या टपरीवर चहा. पाच वर्षं हा तह टिकला. एक दिवस मास्तर न्हाणीघरात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण एकट्यानं राहणं संपलं. वृद्धनिवासात खोली मिळाली. तिथे प्राणी चालत नाहीत. बाबांनी जन्मात कधी मांजराला हात लावला नव्हता, केस गळतात म्हणून. पण मास्तरांचा चेहरा बघून ते म्हणाले, "द्या माझ्याकडे."

"आणि नाहीच रमला तर?" मास्तरांनी विचारलं होतं.

"रमेल की."

"नाही रमला तर प्राण्यांच्या आश्रयगृहात सोडा. मला मात्र सांगू नका."

आता बाबाही नाहीत, मॉनिटरही नाही. पण त्या पहिल्या तीन दिवसांचं घर अजून मला जसंच्या तसं दिसतं. इस्त्रीच्या टेबलाखाली आमची पत्र्याची पेटी होती आणि पेटी नि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट. मॉनिटर टोपलीतून निघाला तो थेट त्या फटीत गेला. आतून दोन पिवळे डोळे दिसायचे, बस. बाबांनी पुढ्यात दूध ठेवलं, उकडलेला मासा ठेवला, अंड्याचा बलक ठेवला. तो ढुंकून बघेना. स्वेटर वाळल्यावर बाबांनी तोही नीट घडी घालून फटीच्या तोंडाशी ठेवला. लोकर फुलून आली होती, नव्यासारखा दिसत होता. मॉनिटरनं नाक पुढे केलं, एकदा हुंगलं आणि आणखी आत सरकला. घाण पाण्याचं कौतुक करणाऱ्या माणसाचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता.

चौथी सूचना म्हणून बाबांनी बातम्याही वाचल्या. जमिनीवर मांडी घालून, चष्मा लावून, मोठ्यानं. पण सवयीनं शेवटच्या पानापासून. मी म्हटलं, "बाबा, मुख्य बातम्या पहिल्या पानावर असतात." तर म्हणाले, "पहिलं पान मास्तरांचं. मी कसं वाचू?" आणि त्या बिचाऱ्या उपाशी बोक्याला त्यांनी क्रीडावृत्त संपूर्ण ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले तर मासा तसाच, दूध तसंच, आणि बाबा तो स्वेटर पुन्हा इस्त्री करत होते. माझं डोकं फिरलं.

"आता इस्त्री कशाला? त्याला वास हवा होता, वास! मास्तरांचा! तो तुम्ही काढून टाकलात."

"मला काय माहीत होतं? मी मुद्दाम केलं का?"

"तुम्ही आईचंही असंच केलंत."

हे मी सहा वर्षं बोलले नव्हते. बोलेन असं त्या क्षणापर्यंत मला वाटलंही नव्हतं. आई गेली तेव्हा मी परगावी प्रशिक्षणाला होते. निरोप मिळून दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले, तर दोरीवर आईचे सगळे कपडे वाळत होते. सगळे. घरात घालायचं लोकरीचं जाकीटसुद्धा, ज्याच्या कॉलरला तिच्या केसांचा आणि सर्दीच्या मलमाचा वास असायचा. दुपारपर्यंत बाबांनी ते इस्त्री करून, कडेला कड जुळवून कपाटात लावलं. मी कपाट उघडलं, जाकिटात तोंड खुपसलं, आणि नाकात साबण गेला. रुग्णालयातल्या कुठल्याही चादरीला येतो तसा वास. मी कपाट बंद केलं आणि स्वयंपाकाला लागले.

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"जाकिटाचं म्हणतेस ना? त्याच्या कॉलरला औषधाचा डाग होता गं. तसंच कसं ठेवायचं?"

"ठेवायचं होतं."

"तू सांगायचं होतंस."

"मी नव्हते इथं!"

"नव्हतीस," बाबा म्हणाले. "तिला घेऊन गेले, मी घरी आलो. घरात कोणी नाही. हात रिकामे. मला दुसरं येतंय काय?"

 माझा राग काही गेला नाही. मी हातपाय धुवायला गेले आणि बाबांनी इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मॉनिटरला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण मुलगी होती, हाताला ओरखडे. तिनं त्याच्या हिरड्या पाहिल्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली.

"तीन दिवस म्हणजे फार झाले, काका. मांजर उपाशी राहिलं की यकृत जातं त्याचं, आणि मग आपल्या हातात काही राहत नाही. आज खायलाच पाहिजे. जुन्या घरातलं काही आहे? अंथरूण, कपडा? न धुतलेलं?"

बाबा स्वतःच्या हातांकडे बघत बसले. मीच म्हटलं, "होतं."

"मग आणा कुठून तरी," ती म्हणाली.

मी दुकानात फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मास्तरांचं घर तर रिकामं करून दिलेलं होतं, म्हणून मॉनिटरला पुन्हा त्याच्या फटीत सोडून आम्ही वृद्धनिवासाची बस पकडली. तो गावाबाहेर होता, नवी इमारत, गुळगुळीत फरशी, खिडक्यांत कुंड्या. दारातून आत शिरताच बाबांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "आमच्याकडचीच पावडर आहे." एखादा जुना सहकारी भेटावा तसा त्यांचा चेहरा उजळला होता.

मास्तर खिडकीशी खुर्चीत होते. शेजारी चालताना धरायचा लोखंडी घोडा, त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला. म्हणजे वापर तेवढाच होत होता. त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरला आतून पक्क्या शाईत २७ लिहिलेलं होतं. बाबांनी नमस्कार-चमत्कार करायच्या आधी कॉलर चिमटीत धरून पाहिली. "शाई चांगली वापरतात," म्हणाले.

"ते जाऊ द्या. तो कसा आहे?"

बाबा उभेच राहिले. "मास्तर, मी स्वेटर धुतला."

मास्तरांनी डोळे मिटले. "सातवी सूचना."

"चष्मा नव्हता."

"मुलगी चष्म्याच्या दुकानात, आणि चष्मा नव्हता!"

"तेच तर," बाबा म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. मासा, दूध, फट, डॉक्टरीणबाई.  ऐकून झाल्यावर मास्तरांनी मला तोंड फिरवायला सांगितलं, सदरा काढला, आतला गंजीफ्रॉक काढला आणि बाबांच्या हातात दिला. "न्या. सकाळपासून अंगावर आहे."

बाबांनी गंजीफ्रॉक नाकाशी धरला. एकदा पुढून, एकदा काखेपाशी. या कामात त्यांच्याएवढा जाणकार त्या गावात दुसरा नसेल.

"हा तुमचा नाही."

"नाही कसा? नंबर बघा."

"नंबर तुमचा आहे. वास तुमचा नाही."

मास्तरांनी तो परत घेतला आणि स्वतः हुंगला. बराच वेळ. "रोज नेतात," ते म्हणाले. "संध्याकाळी काढून घेतात, सकाळी धुतलेला देतात. उशीची खोळसुद्धा रोज. चांगले लोक आहेत हो. मला इथे आलोयसं वाटतं, पण राहतोयसं वाटत नाही, ते यामुळेच असेल."

बाबांनी ऐकून मान खाली घातली. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांसाठी हेच केलं होतं आणि कधी कुणी त्यांना हे सांगितलं नव्हतं. पण बाबा फार वेळ खाली मान घालून बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी घोड्यावरचा टॉवेल उचलला, घडी केली, बाजूला ठेवला.

"मास्तर, गंजीफ्रॉक घाला. वरून दोन सदरे घाला. माझा कोट घाला. उठा."

"कशाला?"

"घाम काढायचाय."

"या हाडानं?"

"हाड तुमचं, बोका तुमचा. काय ते ठरवा."

मास्तर उठले. बाहेर लांबच लांब व्हरांडा होता. दोन सदरे, बाबांचा कोट, वरून गळ्याभोवती माझी शाल, असा तो गृहस्थ दुपारी अडीच वाजता घोडा पुढे ढकलत निघाला. एका बाजूनं बाबा, मागून खुर्ची घेऊन मी. तिथली नर्स धावत आली. मला वाटलं आता ओरडते, पण तिनं तोंडावर हात ठेवला. "अहो, आल्यापासून विनवतेय मी यांना, चार पावलं टाका म्हणून! आणि आज हे वरातीला निघाल्यासारखे?"

"बाई, मधे येऊ नका," मास्तर म्हणाले. "मी कामात आहे."

एका फेरीला एक नदी असं त्यांनी ठरवलं. जाताना नाव, येताना ती कुठून निघते आणि कुठल्या समुद्राला मिळते ते. नाईल झाली. ॲमेझॉन झाली. डॅन्यूबला ते भिंतीला टेकले. व्होल्गाला बसले. बाबांनी त्यांच्या मानेखाली हात घालून पाहिला.

"अजून दोन नद्या, मास्तर."

"साहेब, तुम्ही कसाई आहात."

"दोनच. छोट्या घ्या."

मास्तर उठले. ऱ्हाईन केली आणि मग, मला वाटतं निव्वळ जिद्दीनं, मिसिसिपी घेतली. परत आले तेव्हा कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते आणि चेहरा असा काही खुलला होता की नर्स त्यांच्याकडे बघतच राहिली. बाबांनी तो ओला गंजीफ्रॉक हुंगला. "आत्ता," ते म्हणाले. वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बसमध्ये सगळा वेळ तो कोटाच्या आत धरून बसले.

घरी आल्यावर बाबा जमिनीवर पालथे झोपले, गाल फरशीला टेकवून, आणि गंजीफ्रॉक हलकेच फटीच्या तोंडाशी सरकवला. मी दारातच उभी राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग बाबांनी पालथ्याच अवस्थेत मला एक बोट वर करून दाखवलं. आधी नाक आलं. मग खाच पडलेला कान. मॉनिटर सबंध बाहेर आला, गंजीफ्रॉकवर उभा राहिला, आणि पुढच्या दोन्ही पंजांनी तो कणकेसारखा तिंबायला लागला. तिंबता तिंबता त्याच्या गळ्यातून घरघर सुरू झाली. मग तो बशीपाशी गेला आणि मासा खाल्ला, सगळा, डोक्यासकट.

बाबा उठून मोरीत गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. बादली भरून वाहायला लागली तरी तो बंद होईना, तेव्हा मी हाक मारली नाही. चहा टाकला.

पुढे दर बुधवारचा नेमच झाला. बाबा जाताना धुतलेला गंजीफ्रॉक न्यायचे, येताना घामेजलेला आणायचे. वृद्धनिवासातल्या धुलाईवाल्यांना सत्तावीस नंबरचा एक गंजीफ्रॉक नेहमी कमी भरायचा. त्यांनी बराच आरडाओरडा केला, मग नर्सनं त्यांना काहीतरी सांगितलं आणि ते गप्प झाले. मास्तर बुधवारी सकाळपासून फेऱ्या मारायचे. महिन्याभरात घोडा सुटला, हातात काठी आली. नद्या संपल्या तेव्हा पर्वत सुरू झाले. मधल्या पानाचा तहही पुन्हा लागू झाला. बाबा वाचनालयातलं आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र मागून न्यायचे. येताना बसमध्ये शेजारच्यांना वास यायचा आणि ते सरकून बसायचे. बाबा म्हणायचे, "चौतीस वर्षं माणसांचा वास काढला, आता पिशवीत घालून आणतोय," आणि मोठ्यानं हसायचे. मला वाटतं आई गेल्यानंतरचे ते त्यांचे सगळ्यात चांगले दिवस होते. माझेही होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

मॉनिटर हळूहळू घरचा झाला. खिडकीत बसायला लागला, दाराशी पहारा द्यायला लागला, बाबांच्या मांडीवर यायला लागला. बाबांचे काळे सदरे राखाडी केसांनी भरायचे आणि ते नुसतं चुटकीनं झटकायचे. पण दुपारी झोपायची वेळ झाली की तो इस्त्रीच्या टेबलाखाली, मास्तरांच्या गंजीफ्रॉकवरच जायचा. तिथून त्याला कुणी हलवलेलं चालत नसे.

वीस महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले आणि तसेच गेले. बुधवारी आणलेला गंजीफ्रॉक आमच्याकडेच होता.

मुलगी चौथ्या दिवशी पोचली. अंत्यविधी तिच्यावाचूनच झाले होते. वृद्धनिवासातलं सगळं आवरून ती संध्याकाळी आमच्याकडे आली, मॉनिटरला बघायला आणि आभार मानायला. पन्नाशीची बाई, प्रवासानं चेहरा सुजलेला, हातात कापडी पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसली. चहा तसाच ठेवला.

"बाबा पत्रात तुमच्याबद्दल लिहायचे," ती माझ्या वडिलांना म्हणाली. "आणि याच्याबद्दल. कुठल्या बुधवारी कुठले पर्वत झाले, सगळं." ती हसली. मग पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "सामान फारसं नव्हतंच. तिथल्या लोकांनी कपडे दिलेत. किती छान ठेवलेत हो, सगळं धुऊन, इस्त्री करून."

तिनं एक सदरा बाहेर काढला. घडी न मोडता चेहऱ्याशी नेला. थोडा वेळ तसाच धरला आणि पुन्हा पिशवीत ठेवला, अगदी हळू, कुणाची तक्रार करायची नसते तेव्हा माणूस ठेवतो तसा. बाबा तिच्याकडे बघत होते आणि मी बाबांकडे. 

ते उठले. टेबलाखाली वाकले. "ऊठ रे," ते मॉनिटरला म्हणाले. "ऊठ, राजा." झोपेतल्या बोक्याला त्यांनी दोन्ही हातांनी उचलून फरशीवर ठेवलं आणि त्याच्याखालचा गंजीफ्रॉक घेतला. केसांनी माखलेला, चुरगळलेला, पिवळट. त्यांच्या हातांनी तो सवयीनं झटकायला वर उचलला. मग हात थांबले. घडी न घालता, आहे तसाच त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तिच्यासमोर धरला.

"हा त्यांचा आहे," ते म्हणाले. "गेल्या बुधवारचा. याला पाणी लागलेलं नाही."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं पुडी दोन्ही हातांत घेतली. "आणि हा?" तिनं मॉनिटरकडे बघून विचारलं.

"त्याचं बघतो मी," बाबा म्हणाले.

आम्ही दोघं तिला सोडायला खाली गेलो. टॅक्सीवाल्यानं इस्त्रीच्या कपड्यांची पिशवी मागे डिकीत ठेवली, पुडी मात्र तिनं दिली नाही. टॅक्सी कोपऱ्यावर वळताना ती मांडीवर वाकलेली दिसली, कपाळ पार कागदाला टेकलेलं.

बाबा रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तेव्हा मला कळलं नाही गं."

"हो," मी म्हटलं. मला आणखीही बोलायचं होतं, पण रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. जिना चढताना दोन्ही मजले तो तसाच होता.

वर आलो तर मॉनिटर टेबलाखालच्या उघड्या फरशीवर गोल गोल फिरत होता. हुंगायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. बाबा टेबलाला धरून खाली बसले, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून. त्यांनी त्याला बोलावलं नाही. तो आणखी दोनदा फिरला, पेटीमागच्या फटीत डोकावून आला आणि बाबांच्या पायाला पाठ टेकवून आडवा झाला.

अंधारून यायला लागलं होतं. मी दिव्याचं बटण दाबायला उठले.

"राहू दे," बाबा म्हणाले. "झोपतोय तो."